सात नंबरच्या गाडीचा पोचा

मरोळ नाका, अंधेरी पूर्व,
कोजागिरीच्या आदल्या दिवशी, १९८६

तीर्थस्वरूप लवूभावोजींच्या चरणी सहदेवचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायचं म्हणून नाही. मी या घटकेला गॅरेजात एका गाडीखाली खरोखर पालथा पडून, बॅटरीच्या उजेडात लिहितो आहे. का, ते पुढे येईलच.) पत्रात आम्ही सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे. तर मालन खुशाल आहे, पोरं खुशाल आहेत, मी नाही. तुमची कंबर कशी आहे? शेवंतीताईचा खोकला थांबला का? आणि काजूच्या कारखान्याचा तुमचा टेम्पो कसा आहे? गणपतीत आलो तेव्हा त्याचा डावा दिवा गेलेला होता आणि उजवा जायच्या बेतात होता. टेम्पो मागे घेताना तुम्ही दरवेळी अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्याला नेमक्या त्याच जागी लावता, म्हणून गावातली माणसं हसतात. मी कधी हसलो नाही. (तुमच्या राधाच्या बारशाला हसलो, पण ते चुकून.) माझं तर म्हणणं, सहा वर्षं एकाच जागी, एकाच कोनात गाडी ठोकणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. त्याला हात लागतो. हे आजच का आठवलं ते विचारू नका.

भावोजी, मी फार मोठ्या घोरात आहे. आमचे मालक विद्याधरसाहेब तुम्ही माझ्या लग्नात पाहिलेत, पांढरा शर्ट, हळू बोलणं. सोळा वर्षांत या माणसानं आवाज चढवलेला मी ऐकला नाही, आणि भीती आहे ती त्याचीच. ओरडणारा मालक किती ओरडेल याचा अंदाज असतो. न ओरडणारा काय करेल, कुणी सांगावं?

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली साहेबांची एक लाल गाडी आहे. उंची माझ्या कंबरेएवढी, टप नाही, डिकी नाही, दरवाजा जेवायच्या पाटाएवढा, आणि अंगावर पांढऱ्या गोलात पुसट झालेला सात आकडा. जुहूला एका संस्थानिकाच्या बंगल्यामागे ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या, तिथून साहेबांनी ती आणली. सगळा मरोळ नाका म्हणायचा, साहेबांना कुणीतरी जुन्या टॅक्सीचा टप कापून, लाल रंग फासून गळ्यात मारली. साहेब नुसते हसायचे आणि तिच्या पुढच्या डाव्या मडगार्डवर हात फिरवायचे. त्या मडगार्डला अर्ध्या भाकरीएवढा पोचा होता. आम्हाला हुकूम एकच, गाडीला हात लावायचा नाही. मी समजलो, चालवायची नाही. (माणूस स्वतःच्या सोयीचं तेवढंच समजतो हे आमची आई सांगायची. तिचंही मी सोयीपुरतंच ऐकलं.)

तर दसरा आला. दसऱ्याला गॅरेजात हातोड्यापासून ट्रकपर्यंत सगळं धुवून-पुसून, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची, हा आमचा नेम तुम्हाला ठाऊक आहे. साहेब बहिणीकडे पुण्याला गेले होते. अकरा गाड्या नटून उभ्या राहिल्या आणि ही बारावी आपली फुटलं तोंड घेऊन अंधारात. मला बघवेना. सणाच्या दिवशी घरातल्या एकाच पोराला फाटका सदरा घालावा असं वाटलं. म्हटलं, सोळा वर्षं या माणसाचं मीठ खाल्लं, आपल्या हातून ही एवढी ओवाळणी होऊ दे. पत्रा ॲल्युमिनियमचा, लोण्यासारखा मऊ. खाली वाळूची पिशवी धरली, लाकडी हातोडा घेतला आणि चार तासांत तो पोचा असा काढला की पत्र्यात बघून भांग पाडावा. मडगार्डच्या आतल्या कडेला कुणा जुन्या कारागिराचे हातोड्याचे तीन घाव होते, दोन सरळ आणि एक तिरका. ते मात्र तसेच राहू दिले, कारण आमच्या उस्तादांची शिकवणच होती की दुसऱ्या कारागिराचा हात पुसू नये. मग सात वेळा लाल रंग मिसळून जुन्या रंगाशी जुळवला, माळ घातली, ताडपत्री पुन्हा ओढली आणि घरी जाऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. भावोजी, त्यानंतर मी पोटभर जेवलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब पुण्याहून आले ते हातात एक परदेशी पत्र आणि एक फ्रेम केलेला फोटो घेऊन. मला समोर बसवलं आणि जे सोळा वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगायला लागले. ही गाडी म्हणजे चोवीस तास न थांबता धावायच्या शर्यतीची गाडी. दोन ड्रायव्हर, एक झोपतो तेव्हा दुसरा हाकतो. अशा जगात पाचच बनवल्या. दोन जळल्या, एक दरीत गेली, एक परदेशात संग्रहालयात आहे आणि पाचवी कुणाला सापडत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या पाचवीनं सबंध वर्षाचं अजिंक्यपद जिंकलं. शेवटच्या शर्यतीत बाविसाव्या तासाला धुक्यात दुसरी गाडी तिला घासली, मडगार्ड आत दबलं, टायर त्याला घासून धूर निघायला लागला, तरी पठ्ठ्या थांबला तो फक्त दीड मिनिट आणि पुढे जिंकला. पुढे संस्थानिकानं ती बोटीनं आणली, जुहूच्या धावपट्टीवर दोनदा पळवली आणि कोंबड्यांना दिली. या सगळ्या येण्या-जाण्यात नंबराची पट्टी कुठेतरी गहाळ झाली. आता कोजागिरीनंतर दोन दिवसांनी परदेशातून जाणकार पाहुणा येणार, आणि हीच ती पाचवी की नाही ते ठरवणार. कशावरून ठरवणार, असं मी विचारलं. (का विचारलं? तोंडाला कुलूप का नाही?) साहेबांनी फोटो माझ्या हातात दिला. जिंकलेली गाडी, शेजारी काळवंडलेल्या तोंडाचे ड्रायव्हर, आणि डाव्या मडगार्डवर अर्ध्या भाकरीएवढा पोचा. साहेब म्हणाले, "सहदेव, लोक मला वेडा म्हणतात. हा पोचा आहे म्हणून मी वेडा नाही."

भावोजी, माझी पाचावर धारण बसली. साहेब उठून ताडपत्रीकडे निघाले, आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, थांबा, आत साप आहे." हात दाखवून अवलक्षण ते हेच. साप कुठला? पण तेव्हापासून शेडमध्ये कुणी फिरकत नाही. साहेबांनी माझ्या जिवाची काळजी करून बोरीवलीहून, नॅशनल पार्कच्या बाजूचा एक साप पकडणारा उद्या बोलावला आहे. त्याला साप मिळाला नाही तर मी खोटा पडणार, आणि गाडी मिळाली तर मेलोच. शिवाय तीन दिवस साप साप ऐकून आता मलाच वाटतं की आहे. आत्ता पायाला काहीतरी लागलं. (पाना होता.)

पोचा परत पाडावा म्हणून मी रोज इथे येतो. साप शोधतोय असं सांगतो. फोटो पुढे ठेवतो, हातोडा उचलतो आणि हात वरच थांबतो. सोळा वर्षं पोचे काढलेला हात, पाडायचा कसा ते त्याला ठाऊकच नाही. काल डोळे मिटून एक घाव घातला, तर मोदकाच्या पारीसारखी सुबक वाटी पडली. अपघात असा सुबक होत नाही. पुन्हा बघतो तर बोलता बोलता माझ्या हातानं ती काढूनही टाकलेली. आपल्याच हाताची अशी भीती मला कधी वाटली नव्हती. पाहुणा म्हणेल ही ती गाडी नव्हे. नाका म्हणेल, सांगत नव्हतो, टॅक्सीच आहे. पोलीस म्हणतील, याच सहदेवनं खरी गाडी विकून खोटी उभी केली. ते सगळं मी सोसेन. पण साहेब काही म्हणणार नाहीत, नुसते घरी जातील, आणि ते मला बघवणार नाही.

असो. शेवंतीताईला नमस्कार, राधाला अनेक आशीर्वाद. आज रात्रीच्या गाडीनं आपल्या वाडीतला धोंडिराम गावी येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो.

तुमचा मेहुणा (आहे तोवर),
सहदेव

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. भावोजी, तुम्ही टेम्पो घेऊन ताबडतोब मरोळला या. गाडी मी शेडबाहेर काढून अशी उभी करतो की डावं मडगार्ड तुमच्या गडग्याच्या जागी येईल. तुम्ही काही विचार करू नका, नेहमीसारखा टेम्पो मागे घ्या. अंगात असेल ते आपोआप होईल. उशीर नको म्हणून मी आत्ता दुपारी कारखान्यात ट्रंक कॉल करून निरोपही ठेवला आहे : 'लगेच निघा, आलात की फाटकातून थेट उलटे आत या, बाकी पत्रात.'

ता. क. दुसरा. संध्याकाळचे सहा. भावोजी, येऊ नका! पाहुणा तीन दिवस आधीच आला. म्हातारा, पांढऱ्या मिशा, विमानतळावरून सरळ गॅरेजात. गाडी मी ताडपत्रीसकट फाटकासमोर काढून पुन्हा तिच्याखाली शिरलो होतो, बाहेर येईपर्यंत साहेबांनी सापाची पर्वा न करता ताडपत्री ओढली होती. साहेबांचा हात मडगार्डवर गेला आणि पोचा शोधायला लागला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. मी तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं, श्रीखंडासकट. साहेबांनी ते म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगितलं. म्हातारा गुडघ्यावर बसला आणि मडगार्डच्या आत हात घातला. बराच वेळ चाचपत होता. हात थांबला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भावोजी, त्या शर्यतीत टायर सुटा करायला दीड मिनिटात मडगार्ड ठोकून वर घेणारा मिस्त्री तोच! तीन घाव, त्यातला एक तिरका, कारण बावीस तास डोळ्याला डोळा लागला नव्हता. स्वतःचा हात त्यानं ओळखला. म्हणाला, हीच ती. आणि म्हणाला, पोचा पुरता काढायला तेव्हा वेळ मिळाला नाही, ते काम माझ्या मनात राहून गेलं होतं, ते या माणसानं केलं. आता या मडगार्डला कुणी हात लावू नका. साहेब माझा खांदा धरून उभे होते. मीही रडत होतो. तेव्हा तुम्ही घरीच राहा.

ता. क. तिसरा, शेवंतीताईसाठी. ताई, हे पत्र भावोजींऐवजी तू वाचत असशील तर देव मला पावलेला नाही. आत्ता कारखान्यात पुन्हा फोन लागला. ते म्हणतात, निरोप मिळताच भावोजी दुपारी एकलाच निघाले, आणि निघताना फाटकाचा खांब पाडून गेले. गाडी मी तुझ्या नवऱ्यासाठी फाटकासमोर, डावं मडगार्ड पुढे करून उभी केली होती, ती तशीच आहे. पाहुणा आणि साहेब तिच्यात बसून जुन्या गोष्टी बोलताहेत, उठायला तयार नाहीत, आणि टेम्पोचं त्यांना सांगायची माझी छाती नाही. हे पत्र धोंडिरामाच्या हाती दिलं की मी फाटकात दोन्ही हात पसरून उभा राहतो. रवळनाथाला माझ्या नावानं एक नारळ ठेव. दोन ठेव.