तिसरं शरण

स्लाऊ, इंग्लंड, २ मार्च २०२५

ती. सुमेधाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर मी नुसतं ‘सगळं ठीक’ म्हणते, म्हणून तू पत्राचा हुकूम काढलास. शाळेतून रिटायर झालीस तरी बाई ती बाईच. तर ऐक, सगळं ठीक नाही.

जयंतला स्ट्रोक होऊन परवा तीन महिने झाले. उजवा हात अजून उचलवत नाही. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. चहा हवा असला की ‘खिडकी’ म्हणतो आणि स्वतःवरच चिडतो. बावीस वर्षं बस चालवताना सगळ्या स्लाऊशी गप्पा मारणारा माझा नवरा! पलंग खाली फ्रंट रूममध्ये आणलाय. सकाळी त्याचं आवरायला कौन्सिलची केअरर येते, बाकी मीच. वेअरहाऊसमधून बिनपगारी रजा घेतलीय.

गुरुवारी मी त्याच्यावर ओरडले. गिळायला त्रास होतो म्हणून त्याचा चहा पावडर घालून घट्ट करावा लागतो. त्याने तो कप ढकलला, धुतलेल्या चादरीवर सांडला, आणि मी म्हणाले की मीही माणूस आहे, आता बास कर. मग चादर ओढून पुन्हा धुवायला टाकली.

संध्याकाळी वंदनेला बसले, तर तोंडातून शब्द निघेना. शेजारची पंजाबी मैत्रीण देवापुढे रडते, मागते आणि हलकी होऊन कामाला लागते. मला तिचा हेवा वाटला, ताई. आपल्याकडे मागायला कोणी नाही. विहारातले विनयदादा दोनदा दारात येऊन गेले, पण आम्ही छान आहोत सांगून मी त्यांना परत पाठवलं. घर असं, जयंत असा. कुणी बघायला नको वाटतं.

रागावून का होईना, पण लिही.
तुझी
शिल्पा


नागपूर, १७ मार्च २०२५

चि. शिल्पास,
सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. ओरडलीस ते चुकलंच. जयंतरावांची माफी माग, आणि मग तेच उगाळत बसू नकोस.

आता हेव्याचं. देवाकडे मागत नाही आपण, हे खरं. पण माणसांकडे मागायला बंदी कुणी केली? लहानपणी वंदनेत बुद्ध आणि धम्म म्हणताना तुझा आवाज खणखणीत लागायचा. संघावर आलीस की खेळायला पळायची घाई. अजून तेच चाललंय. माझ्या समजुतीप्रमाणे संघ म्हणजे नुसते चीवर घातलेले भिक्खू नव्हेत, दारात येऊन उभी राहणारी माणसंही. रोज शरण जाते म्हणायचं आणि त्याच माणसांच्या तोंडावर दार लावायचं, ही कुठली उपासिका?

तुझे भाऊजी अंथरुणावर होते तेव्हा मीही असाच ताठा केला. वर्षभरात पाठ गेली आणि शेजारणींना बोलवावंच लागलं. ते वर्ष उगाच एकटीने काढलं, याची हळहळ अजून जात नाही.

सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो, असं म्हणतेस ना? त्या प्राणिमात्रांत तू बसतेस की नाही, एकदा तपासून बघ. आणि विनयरावांना फोन कर.

माया आहे म्हणूनच बोलले.
तुझी
ताई


स्लाऊ, २१ मे २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. पत्राला उशीर झाला, पण हा उशीर सुखाचा आहे.

आधी माफीचं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मागितली. जयंतने स्पीच थेरपिस्टने दिलेली पाटी ओढली आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत एवढंच लिहिलं: ओरड. बरं. सगळे हळू. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, इतके महिने सगळे, मीसुद्धा, त्याच्याशी आजारी मुलाशी बोलावं तसं बोलत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची बायको बोलली होती. मी रडले, तो हसला.

विनयदादांना फोन करायला मात्र दोन दिवस लागले. नंबर लावायचे, ठेवून द्यायचे. शेवटी बोलले, तर म्हणाले की ते याच फोनची वाट बघत होते. आता दर मंगळवारी दुपारी येतात आणि जयंतशी कॅरम खेळतात. जयंत डाव्या हाताने खेळतो, हरतो आणि खाणाखुणांनी भांडतो. तेवढ्या वेळात मी पोहून येते.

रविवारी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला त्याला व्हीलचेअरवरून विहारात नेलं. वंदना सुरू झाली आणि शेजारून आवाज आला. ताई, जयंत म्हणत होता! त्रिसरण, पंचशील, सगळं सलग, न अडखळता. घरी आल्यावर चहा मागताना पुन्हा खिडकीच निघाली. थेरपिस्ट म्हणाली की लहानपणापासून पाठ असलेलं कधी कधी असं शाबूत राहतं. त्यावरून बोलणं परत येईलच असं नाही. मीही तसं धरून चाललेले नाही. वाईट एवढंच वाटलं की त्याला दमवायचं नाही म्हणून इतके दिवस मी एकटीच वंदनेला बसत होते. आता रोज दोघं बसतो. दहा मिनिटं त्याचा आवाज घरात असतो आणि मला दुसऱ्या दिवसाला पुरतो.

काल मंगळवारी स्विमिंग पूल बंद निघाला. तासभर आधीच दाराशी आले, तर आत दोघं खो खो हसत होते. किल्ली पर्समध्ये परत टाकली, हाय स्ट्रीटवरून बटाट्याच्या गरमागरम चिप्स घेतल्या आणि पार्कातल्या बाकावर बसून, भरपूर व्हिनेगर मारून, एकटीने सगळ्या संपवल्या. काळजी करायचा प्रयत्नही करून बघितला. जमला नाही.

रागवायला यात काही सापडलं, तर प्रेमाने रागव.
तुझी
शिल्पा