रामू बाजारात गेला नाही का?

१९ सप्टेंबर १९९६, गुरुवार

झाली एकदाची ती चाचणी! नववीचे बेचाळीस जण, एक टेपरेकॉर्डर, आणि बरोबर साडेअकराला लाइट गेली. सेल आणायला शिपाई पळाला. तोवर पोरं घामाघूम. मी पट्टी घेऊन मधल्या रांगेत उभी, उगीचच.

शहरातल्या इंग्रजी केंद्रानं काढलेली चाचणी. ऐकण्याचे वीस गुण, वाचनाचे वीस. दोन्हींत पंधरा-पंधरा मिळवणाऱ्यांतून तालुक्यात दोघंच निवडणार. त्यांना दिवाळीनंतर पाच महिने औरंगाबादला हॉस्टेलात ठेवून इंग्रजी शिकवणार. पाच महिने! मला कुणी ठेवलं असतं तर मीसुद्धा गेले असते, नवऱ्याला, वैजनाथला, स्वयंपाक शिकवून.

टेपवरची बाई स्वच्छ बोलते. पोरं कान टवकारून बसली होती. सारजा तर डोळे मिटून ऐकत होती. नाव आजीचं ठेवलंय म्हणून पोरं तिला 'ए म्हातारे' म्हणतात. पण दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात आई सीताफळं विकते, आणि ही सुट्टीच्या दिवशी गोऱ्या लोकांशी बोलून बोलून कानानं इंग्रजी शिकलीय. व्याकरणाचा पत्ता नाही. पण समोरचा काय म्हणतो ते हिला कळतं. अशी पोरगी मला सतरा वर्षांत भेटली नाही.

२० सप्टेंबर

काल रात्री वैजनाथला म्हणाले, सारजा निवडली जाणार. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "तुझं ठरलं म्हणजे झालंच."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल आला. ऐकण्यात आमच्या शाळेचा एकही नाही. एकही! सारजाला वाचनात सोळा, ऐकण्यात तेरा. कडूबाला वाचनात पंधरा, ऐकण्यात दहा. खाली शेरा – 'विद्यार्थ्यांचे श्रवणकौशल्य अत्यंत कमकुवत. शिक्षकांनी लक्ष पुरवावे.'

शिक्षक म्हणजे मी. दुसरं कोण.

मुख्याध्यापक अनंतराव सरांनी कागद पुढं सरकवला, म्हणाले, "कालिंदीबाई, मनाला लावून घेऊ नका." लावून घेतलं. वर्गात कुणावर तरी ओरडले, कुणावर ते आता आठवतही नाही. दौलताबादहून बसनं घरी येईपर्यंत एकच विचार – सारजाला तेरा कसे? वाचनात मागं पडली असती तर समजले असते, बोट ठेवून ठेवून वाचते ती. पण ऐकण्यात? तिचा कान तर माझ्यापेक्षा चांगला आहे.

दोन गुणांनी पोरीची पाच महिन्यांची वाट अडली. झोप नाही यायची.

२८ सप्टेंबर, शनिवार

सापडलं.

सकाळची शाळा सुटल्यावर बेचाळीस उत्तरपत्रिका जमिनीवर पसरल्या. सगळ्यांचे तेच सात प्रश्न चुकलेले. हुशार असो, ढ असो, तेच सात. बेचाळीस जण एकमेकांची कॉपी करतील अशी काही माझी शिस्त नाही!

सातही प्रश्न एका साच्याचे. टेपवर गोष्ट आहे – रामूची सायकल पंक्चर झाली म्हणून तो बाजारात गेला नाही. मग बाई विचारते, "डिडन्ट रामू गो टू द मार्केट?" उत्तर पाहिजे 'नो'. आमच्या सगळ्यांनी लिहिलंय 'यस'.

सारजा अजून पटांगणात होती. तिला बोलावलं.

"रामू बाजारात गेला होता का गं?"

"नाय बाई. सायकल पंचर झाल्ती नं त्याची."

"मग 'डिडन्ट रामू गो'ला यस कसं लिहिलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, म्हणाली, "तिनं इचारलं, रामू गेला नाय का? मंग? व्हय, नाय गेला."

 मीही तेच म्हटलं असतं. वैजनाथ रोज विचारतो, "चहा झाला नाही का अजून?" मी म्हणते, "हो, नाही झाला." आपण समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो, इंग्रज मात्र घडलेल्या गोष्टीला हो-नाही म्हणतो. पोरांनी सगळं ऐकलं होतं, सगळं कळलं होतं. उत्तर मराठीतलं दिलं, एवढंच.

सारजाचे बाकीचे तेराच्या तेरा बरोबर आहेत. सात तेवढे हे. तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, नुसतं म्हणाले, "जा, जेवायला जा."

३० सप्टेंबर, सोमवार

स्टाफरूममध्ये परीक्षा घेतली. रामूची गोष्ट वाचून दाखवली आणि सातही प्रश्न विचारले. गणिताचे रामकिसन सर, सात चूक. चित्रकलेच्या बाई, सात चूक. अनंतराव सरांनी सहा चुकवले. सातवं बरोबर आलं, पण त्यांना प्रश्न नीट ऐकूच आला नव्हता.

सगळे हसून हसून बेजार. मग सर एकदम गंभीर झाले. म्हणाले, "कालिंदीबाई, माझं पहिलं पुस्तक उर्दूचं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि दुसऱ्या वर्षी आम्हाला मराठीत बसवलं. दहा वर्षांचा होतो. मास्तरनं विचारलं ते सगळं कळायचं हो, फक्त उत्तर त्याला पाहिजे तसं देता यायचं नाही. वर्षभर मला ढ म्हणायचे."

मग कपाटातून शाळेचं लेटरहेड काढून माझ्यापुढं ठेवलं. "लिहा," म्हणाले.

१ ऑक्टोबर

पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. तीन पानी. 'कमकुवत' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या, त्यातली एक सरांनी खोडायला लावली.

९ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर नाही. केंद्रप्रमुख तांगडे साहेब दौऱ्यावर आहेत म्हणे.

मधल्या सुट्टीत सारजा आली. हॉस्टेलचं काहीच ठरलं नाही हे तिला माहीत आहे, तरी विचारत राहते. तिथं टेपवरच्या बाईशी खरंच बोलता येतं का? तिथं पुस्तकं घरी न्यायला देतात का? मग एकदम म्हणाली, "बाई, मला किल्ल्याची गाईड व्हायचंय. बायका गाईड नाय व्हत का?"

 हो म्हणू की नाही? या प्रश्नानं माझी भाषाच बिघडवून टाकलीय. शेवटी म्हणाले, "होतात. का होणार नाहीत?"

"मंग मी व्हईन," म्हणाली आणि पळाली.

तिचा बाप वाळूजला कारखान्यात, पंधरा दिवसांनी येतो. घर सगळं आई दगडाबाईच्या जिवावर. सीझनला पोरगी हाताशी लागते तिला. हे माझ्या डोक्यात आहेच. पण आधी निवड तर होऊ दे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे घडलं ते देवाशप्पथ मी मुद्दाम केलेलं नाही.

निवडीची यादी मंजुरीला पुण्याला जायच्या आत बोलायला हवं आणि शाळेचा फोन बंद, म्हणून बस स्टँडजवळच्या बूथवरून तांगडे साहेबांना फोन लावला. सहाव्यांदा लागला. साहेबांना इंग्रजीत बोलायची हौस. मी मराठीत सुरू केलं, त्यांनी इंग्रजीत ओढलं. पत्र मिळालं आहे, म्हणाले. पण प्रश्न तज्ज्ञांनी काढलेत, तालुक्यातल्या सगळ्यांना तेच होते, नियम म्हणजे नियम. शेवटी मी विचारलं, "हॅजन्ट द लिस्ट गॉन टू पुणे यट, सर?"

"यस, यस," साहेब म्हणाले. "नॉट गॉन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.  बूथवाला माझ्याकडे बघायला लागला.

मग मी हळूच म्हणाले, "सर, तुमच्या चाचणीत या उत्तराला शून्य आहे."

मला वाटलं फोन आपटणार. नोकरीसुद्धा डोळ्यांपुढं आली! पण पलीकडून बारीक हसू ऐकू आलं. मग खोकला. मग चक्क मराठीत म्हणाले, "माझं गाव पाचोड हो, बाई. कुठं जाणार ते मराठी वळण?"

गुण असे वाढवून देणार नाहीत. पण स्वतः येऊन ते सात प्रश्न सरळ करून पुन्हा विचारणार, तालुक्यातल्या सगळ्या शाळांत. मी बूथमध्येच हात जोडले, फोन कानाशी धरून.

घरी सांगितलं तर वैजनाथ म्हणाला, "तू साहेबाला नापास केलंस?" आणि आनंदानं स्वतः चहा टाकला. चहात साखर विसरला. प्यायले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

साहेब आले. टेप नाही, स्वतः वाचलं. 'डिडन्ट' काढून नुसतं 'डिड'. पोरांनी खाली माना घालून भराभरा लिहिलं.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, इंग्रजी हो-नाही शिकवायला मात्र पाहिजे बरं का. पुढं नोकरीच्या मुलाखतीत कुणी सरळ करून विचारणार नाही." बरोबर आहे. उद्यापासून शिकवते. पण ते शिकवायचं राहिलं म्हणजे पोरांना ऐकू येत नाही असं नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "मान्य," म्हणाले.

४ नोव्हेंबर, सोमवार

सारजाला ऐकण्यात एकोणीस! तालुक्यात पहिली. कडूबाला सोळा, त्याची निवड थोडक्यात हुकली. पण 'कमकुवत' नाही ना आता कुणी, असं तो स्वतःच म्हणाला. नवा शेरा आलाय – 'समाधानकारक'. सरांनी तो फळ्यावर लिहून ठेवला.

निवडलेल्या दोघांत सारजा. दुसरी जागा दुसऱ्या गावच्या एका मुलाला. पंचवीस तारखेला हजर व्हायचं. पंधरापर्यंत पालकाची सही, नाहीतर जागा पुढच्या नंबरला.

सारजानं पत्र तीनदा वाचलं, बोट ठेवून. मग कागद माझ्याकडे दिला, "तुमीच बोला आईशी. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

११ नोव्हेंबर

दिवाळी. फराळाचा डबा घेऊन दगडाबाईकडं जायचं होतं. गेले नाही. भीती वाटली, खरं सांगायचं तर.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

संपलं सगळं.

आज गेले. सुट्टीची गर्दी, किल्ल्यापुढं गाड्याच गाड्या. दगडाबाईची पाटी भरलेली, शेवटचा माल. पुढ्यात पुण्याच्या दोन बायका एकेक सीताफळ दाबून बघत होत्या. सारजा पाणी आणायला गेलेली. मी वाटेत काय काय ठरवलं होतं – शांत बोलायचं, नीट समजावून सांगायचं. आणि तोंडातून काय निघालं?

"दगडाबाई, मला माहितीये, तुम्ही काय पोरीला पाठवणार नाही."

"व्हय," म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही.

मी उभी राहिले, मग चालू लागले. रागानं कान तापले होते. एवढी भांडले, साहेबाशी भांडले, आणि या बाईनं एका शब्दात विषय मिटवला. पण तिचा तरी काय दोष? सीझन आहे, नवरा लांब, पोरगी वयात आलेली. पाच महिने परक्या गावात कोण ठेवील? आणि तरीही राग जात नाही. सारजाला काय सांगू?

शाळेच्या कार्यालयात सर होते. त्यांना सांगितलं. उद्या दुपारी ते तांगडे साहेबांना फोन करून जागा सोडतो म्हणून सांगतील.

वैजनाथ म्हणाला, परत एकदा विचार तिला. मी त्याच्यावर ओरडले. आता काय विचारायचं राहिलंय?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दहाला शाळेत पोचले तर कार्यालयाच्या पायरीवर दगडाबाई. शेजारी सारजा, रडून डोळे सुजलेले.

"बाई, काल म्या गिऱ्हाइकाला व्हय म्हनले. गोड हायेत का इचारत व्हती ती. तुमी इचारलं कुठं? तुमी तर सांगून गेल्या."

 आत सरांनी टेबलावरचा फोन बाजूला सारला आणि शाईचा पॅड पुढं केला. दगडाबाईनं अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि विचारलं, "हॉस्टेलात सीताफळं घिऊन जाऊ देत्यात का?"