शिट्टीचा तिसरा सूर

अब्बा, तुम्ही ज्यांना केसाळ गोरे म्हणायचात ते आता म्हातारे झाले. त्यांनी बँड बंद केला. शेवटचा कार्यक्रम त्यांच्या गावी झाला, स्टेडियम भरून माणसं रडली म्हणे. मला ही बातमी आपल्या कॅसेटच्या दुकानाच्या, कोरपना गावच्या जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून दिली, तीही अशा आवाजात की घरातलंच कुणी गेलं असं वाटावं. हे मी मराठीत लिहिते आहे, कारण उर्दू शिकवायला बसलात की मी पळून जायची आणि शेवटी तुम्हीच हात टेकलेत. घरात आपण हिंदी बोलायचो, पण आपलं खरं बोलणं दुकानात झालं आणि दुकानात मराठी चालायची.

दुकान मला दिसतं ते दुपारचं. चंद्रपूरचा उन्हाळा, शटर अर्धं खाली ओढलेलं, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि ते भरायला मी नेहमीप्रमाणे विसरलेली. तुम्ही कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टेपडेकचं हेड पुसताय. मग गिऱ्हाइकाची कोरी कॅसेट आत सरकवता, रेकॉर्डिंगचं बटन दाबता, माइक तोंडाशी धरता आणि शिट्टी वाजवता. दोन सूर खालचे, तिसरा वरचा आणि लांब. मीटरची सुई लाल पट्टीच्या अलीकडे थांबली की आवाज बरोबर बसला. मग माइक बंद, गाणं सुरू. ती शिट्टी नंतर पुसायला हवी, असं कुणीही म्हणेल, पण तुम्ही कधी पुसली नाहीत. भजन असो, कव्वाली असो, लग्नातली गाणी असोत, आपल्या दुकानातून निघालेली प्रत्येक कॅसेट तुमच्या शिट्टीने सुरू व्हायची. कुणी हटकलं तर म्हणायचात, दुकानाचा शिक्का आहे तो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तुम्ही तीच शिट्टी वाजवायचात आणि मी स्वयंपाकघरातून, हाताला पीठ लागलेलं असताना, तीच परत वाजवायची. अम्मी लाटणं उगारून म्हणायची की मुलीच्या जातीला हे शोभत नाही. तुम्ही जेवायला बसताना असा चेहरा करायचात की जणू मला शिट्टी शिकवली ती शेजाऱ्यांनी.

त्या बँडची कॅसेट नागपूरला शिकणाऱ्या एका मुलाने आणली. तुम्ही पहिल्यांदा ऐकलीत तेव्हा डेक बिघडला असं समजून मागचं झाकण उघडलंत. मग स्टुलावर बसून पूर्ण ऐकलीत. मी म्हटलं, अब्बा, हे गाणं आहे की खाणीतलं मशीन? तुम्ही म्हणालात, "मशीनही कोणी तरी शिकूनच चालवते नं?" त्यानंतर बघता बघता ती कॅसेट आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यात पसरली. सिमेंटच्या कारखान्यात लागलेला कोरपन्याचा, मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातून एसटीने येणारा शिकाऊ मास्तर, धान पिकवता पिकवता जंगल सफारीची जिप्सीही चालवणारा मोहर्लीचा, असे सगळे आपल्या दुकानाचे गिऱ्हाईक आणि त्या बँडचे भक्त. काळे टीशर्ट त्यांना मिळायचे नाहीत, म्हणून पांढरे घरीच रंगवायचे. घाम आला की मान काळी. आणि अब्बा, त्या सगळ्यांना वाटायचं की ते गाणं शिट्टीनेच सुरू होतं. कोरपन्याच्याने पहिल्या पगारात नागपूरहून अस्सल कॅसेट विकत घेतली आणि दुसऱ्या रविवारी ती परत करायला गेला. माल डुप्लिकेट आहे, सुरुवातीची शिट्टीच कापली आहे, म्हणून दुकानदाराशी भांडून आला. तुम्ही खोकला लागेपर्यंत हसलात. त्याला खरं काही सांगितलं नाहीत, पण अम्मीला त्या दिवशी ऐटीत सांगितलंत की मी विलायती बँडात लागलो.

तुम्ही गेलात त्या दुपारबद्दल मला फार लिहवत नाही. मोहर्लीच्याने आपली कॅसेट भरायला टाकली होती. त्याच्या बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, रानडुकरं शिरायची, मचाणावरून सिनेमाची गाणी लावली तर ती ऐकत ऐकत धान खायची, म्हणून त्याला त्या बँडचं सगळ्यात कर्कश गाणं कॅसेटभर पुन्हा पुन्हा हवं होतं. तुम्ही बटन दाबलंत, शिट्टी वाजवलीत, गाणं लावलंत आणि खुर्चीत बसलात. शेजारचा पानठेलेवाला नंतर म्हणाला, त्या दिवशी तिसरा सूर मधेच तुटला होता, पण त्याला वाटलं तुम्हाला उचकी लागली. गाणं वाजत राहिलं. बाजू संपून बटन खटकन वर आलं तेव्हाही तुम्ही उठला नाहीत, म्हणून तो आत आला. काही दिवसांनी मोहर्लीचा आला आणि ती कॅसेट मीच त्याच्या हातात दिली. ती ऐकायची हिंमत माझ्यात नव्हती. घरातल्या बाकीच्या कॅसेटना पुढच्या पावसाळ्यात बुरशी लागली. तुमचे फोटो आहेत, चष्मा आहे, पण तुमचा आवाज म्हणून माझ्याजवळ काही उरलं नाही. इतकी वर्षं मला तेवढंच हवं होतं, एकदा ती शिट्टी ऐकायची होती.

म्हणून कोरपन्याचा म्हणाला की आम्ही सगळे मोहर्लीच्याच्या शेतावर जमून बँडला निरोप देणार आहोत, आपापल्या कॅसेट आणणार आहोत, तुम्हीही या, तेव्हा मी जिथे शिकवते त्या शाळेत रजा टाकून गेले. धान कापून झालेला, बांध्या कोरड्या, त्यांच्या पलीकडे लगेच सागाचं जंगल. पोटं सुटलेले, केस उडालेले ते सगळे काळे शर्ट घालून मचाणाखाली बसलेले बघून मला हसू आलं. प्रत्येकाला काही ना काही आठवत होतं. कुणी ती कॅसेट बायकोला लग्नानंतर पहिल्या महिन्यात ऐकवली आणि ती माहेरी निघून गेली. मास्तरने तर वर्ग शांत करायला ते गाणं लावलं होतं आणि त्याचीच बदली झाली. मग कॅसेट निघाल्या. कोरपन्याच्याच्या कॅसेटची सुरुवात कधीच तुटली होती, चिकटपट्टीच्या जोडातून गाणंच एकदम अंगावर आलं. मास्तरच्या कॅसेटवर मुलीने बालगीतं भरली होती. मोहर्लीच्याची पेटी उंदरांनी कुरतडली होती, आत नुसता भुसा. प्रत्येक वेळी टेप सुरू होताना मी श्वास रोखून धरायची आणि प्रत्येक वेळी काहीच निघायचं नाही. मी रडतेय हे बघून कोरपन्याचा हळूच म्हणाला की चाचांशिवाय गाणं सुरू कसं करायचं. आणि त्या सगळ्यांनी मिळून शिट्टी वाजवली. बेसूर, हसत, दोन सूर खालचे, तिसरा वरचा.

जंगलातून उत्तर आलं.

सागाच्या आतून, फार लांबून नाही. दोन सूर खालचे. तिसरा वर गेला आणि मधेच तुटला. सगळे एकमेकांच्या जवळ सरकले. माझ्या मानेवर काटा आला, ते आठवलं तरी अजून येतो. मोहर्लीचा खाली जमिनीकडे बघत म्हणाला, "भृंगराज हाय तो, बाई. लंबी शेपटीवाला पक्षी. इथी मचाणावर टेप वाजे, तं आयकून आयकून शिकला. त्याची पिल्लंबी तशीच वाजवतेत." मी म्हटलं, मग तुम्ही घाबरलात कशाला? तो म्हणाला, "टेप तं कवाचाच बंद हाय. आमी त्याले ओ नाई देत. जंगलातून एकच हाक आली तं ती मानसाची नसते, ओ द्याची नाई, तुमीबी नोका देऊ." मग त्याने घाईने गाणं लावलं, मोठ्याने, आणि सगळे मोठमोठ्याने गाऊ लागले. ऊन उतरेपर्यंत ते गात होते, पण जंगलाकडे पाठ करून कुणी बसलं नाही.

निघताना ते भांडी आवरत होते आणि मी बांधावरून थोडी पुढे गेले. पक्षी मला दिसला नाही. मी शोधला, अब्बा, खरंच शोधला. तेवढ्यात पुन्हा तीच शिट्टी आली, तशीच तुटलेली. मला स्वयंपाकघर आठवलं, हाताचं पीठ आठवलं. मी तुम्ही गेल्यापासून शिट्टी वाजवली नव्हती. ओठ कोरडे पडले होते, तरी वाजली. दोन सूर खालचे आणि तिसरा वरचा, लांब, पूर्ण.

सगळं शांत झालं. पानसुद्धा हललं नाही. मग शिट्टी परत आली, या वेळी बांधाच्या अगदी कडेच्या झाडीतून, आणि तिसरा सूर पूर्ण होता. लांब. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही वाजवायचात तसा, शेवटी थोडा खाली वाकणारा. तसा तर मीसुद्धा वाजवला नव्हता.

बाकीच्यांना मी सांगितलं की पक्षीच होता, दिसला मला, शेपूट लांब होती. अम्मीला काहीच सांगितलं नाही. हे पत्र त्या मचाणावर दगडाखाली ठेवून यायचं ठरवलं होतं, मोहर्लीचा घेऊन जायला तयारही झाला आहे. पण ते मी देणार नाही. ज्या आवाजासाठी इतकी वर्षं झुरले तो इतक्या जवळ आला, तेव्हा मी ओढणी सावरत जिप्सीपर्यंत पळत सुटले. अब्बा, मला तुमची भीती वाटली.