दक्षिणेकडे पाय

बाबा,

आज एका जिवंत माणसाला मी दक्षिणेकडे पाय करून निजवलं. माझ्या लक्षातही आलं नाही, त्याच्या बायकोच्या आलं. ती दारातूनच ओरडली, "बाई, यायचे पाय तिकडं काहून केले? जित्या माणसाले असं निजवते का कोणी?" मी हातात मोबाइल धरून तशीच उभी राहिले, कारण खाटेवर मला तो दिसतच नव्हता, तुम्ही दिसत होतात. भर उन्हाळ्यात त्याच्याही अंगात लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं, आणि मी "जरा डोळे मिटा" म्हटलं म्हणून मिटलेले डोळे. तुमच्या वयाला मी केव्हाच मागे टाकलं आहे, तरी.

मी काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही. बालाघाटात नशा सोडवणारा एक खाजगी दवाखाना आहे, तिथे मी बिलाच्या टेबलावर बसते. आमच्याकडे सुईची सवय लागलेले लोक येतात. त्यांना रोज एक गोळी जिभेखाली ठेवायला देतात. ती विरघळेपर्यंत बाकावर गप्प बसायचं आणि मग जीभ उचलून नर्सला दाखवायची, म्हणजे कोणी ती खिशात घालून बाहेर विकणार नाही. चांगले मिशावाले बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे आ करून उभे राहतात, बघून हसू येतं. पण त्या गोळीने अंगाचा थरकाप थांबतो, सुईची ओढ कमी होते, माणूस कामाला जातो. ती महिनोन्‌महिने घ्यावी लागते, काहींना तर वर्षानुवर्षं. आता गरिबांसाठी सरकारचं कार्ड निघालं आहे, पण आमच्याकडे ते खाटेचे पैसे देतं, गोळीचे देत नाही. माणूस भरती झाला, खाटेवर पडलेला त्याचा फोटो कॉम्प्युटरवर चढला, की पैसे येतात. तोच माणूस बाकावर बसून गोळी घेऊन कामावर गेला, तर नियमाच्या लेखी तो आजारीच नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! फुकट गोळीची सरकारी खिडकी आहे, पण ती दूरच्या शहरात, आणि तिथेही रोज स्वतः उभं राहावं लागतं. मजुरी करणारा माणूस रोज तिकडे जाईल की कामाला जाईल?

आजचा माणूस लामत्याकडच्या गावचा. राइस मिलमध्ये पोती वाहायचा, पाठ धरली, कोणीतरी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, आणि पाठ बरी झाली तरी इंजेक्शन सुटलं नाही. मागे तो आमच्याकडे खरोखर भरती होता. कार्डाने खाटेचे पैसे दिले, तो बरा दिसला, घरी पाठवला, आणि गोळी बंद झाली. पुढे व्हायचं तेच झालं, तो पुन्हा सुईकडे गेला. गोठ्यामागे निळा पडलेला बायकोला सापडला, वाचला तो नशिबाने. त्यानंतर डॉक्टर त्याला पदरमोड करून गोळी देत होते. आमचे डॉक्टर साधू नाहीत आणि चोरही नाहीत. परवा मला म्हणाले, "मैडम, अपनी जेब से कब तक चलाऊँगा? भरती दिखाओ, फोटो चढ़ा दो, उसी में इसकी गोली निकल जाएगी।" म्हणून आज गोळी झाल्यावर मी त्याला आतल्या खोलीत नेलं. खिडकी दक्षिणेला. नेहमीसारखं उशीवर डोकं ठेवलं तर उजेड मागून येतो आणि चेहरा काळा पडतो, तसा फोटो कार्डवाले परत पाठवतात. मी म्हटलं, उलटे निजा. तो बिचारा निजला, आणि मी एक फोटो काढला.

तुमचं इंजेक्शनही पाठीपासूनच सुरू झालं होतं ना? तुम्ही सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. पावसात राजेगावच्या रस्त्यावर सायकलवरून पडलात, आणि औषधाचं कपाट तुमच्याच ताब्यात. आपल्या स्वयंपाकघरात फळीवर पातेल्यासारखा एक छोटा गंज वेगळा असायचा, इंजेक्शनची काचेची पिचकारी उकळायला. मी एकदा हौसेने त्यात तुमच्यासाठी चहा ठेवला. तुम्ही गंज उचलून चहासकट अंगणात फेकलात. "या गंजाले हात लावला तर याद राख!" तुमचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी चुलीमागे रडत बसले. दोन-तीन दिवसांनी तुम्ही गोंदियाहून पितळेची भातुकली आणलीत, त्यात एक बोटभर गंज होता. "हा तुहा. याच्यात चाय कर, मी पिईन." मी रिकाम्या गंजात खोटा चहा करायचे आणि तुम्ही फुर्र फुर्र आवाज करून प्यायचात. वा रे वा, काय चाय आहे! तो गंज अजून माझ्याकडे आहे.

मग तुम्ही सोडायचं ठरवलंत, एकट्याने, कोणाला न सांगता. आता मला कळतं ते. तेव्हा एवढंच दिसत होतं की मे महिन्यात बाबा गोधडी घेऊन कुडकुडताहेत, नाक वाहतंय, पाय झाडताहेत. आई म्हणाली, हिवताप आहे. आपल्याकडे हिवताप काही नवलाचा नाही, शेजारपाजारही तेच म्हणाला. तिने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, काढा दिला. तुम्ही उठलात, पेज प्यालात, हसलात, दाढी केलीत. तिने देवापुढे नारळ फोडला. आणि थोड्याच दिवसांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीतून तुम्हाला आणलं. आमचे डॉक्टर सांगतात, मधे खंड पडला की शरीर जुना डोस विसरतं, हात मात्र विसरत नाही. एवढंच झालं होतं, बाबा. लोक म्हणाले, काळीज बंद पडलं. बैठकीत तुम्हाला दक्षिणेकडे पाय करून ठेवलं, आणि माणसं जमायच्या आत आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाह्यांची बटनं लाव." मी लावली. तुमचं मनगट थंडगार होतं. मला आजवर कोणी सांगितलं नाही की ती का लावायची होती, आणि मीही आईला विचारलं नाही.

म्हणून त्या बाईचा आवाज ऐकून मी मोबाइल खाली घेतला. मी तिला समजवायला गेले, "अहो, हा नुसता फोटो आहे, ते काही झोपले नाहीत." ती म्हणाली, "फोटोतई नाई पायजे. माणूस उठून जाते बाई, फोटो तसाच राह्यते." नवरा खाटेवरूनच म्हणाला, "जाऊ दे ना, गोळी बंद होऊन जाईन." तर त्याच्यावरच खेकसली, "चूप बसा तुम्ही! गोळीबी पायजे अन् पायबी सीधे पायजे!" मला हसूही आलं आणि रडूही. मग आम्ही दोघींनी ती लोखंडी खाट ओढली. फरशीवर असा आवाज झाला की नर्स धावत आली. खाट आडवी लावली, डोकं पूर्वेला, अर्धं दार अडलं, पण उजेड बाजूने छान तोंडावर आला. मी डोळे मिटायला सांगितलं नाही. फोटोत तो सरळ माझ्याकडे बघतो आहे, जरा लाजल्यासारखा. तो फोटो मी चढवला.

खोटा आहे, बाबा. तो भरती नाही, आत्ता तो घरी जेवत असेल. कार्डवाले कधीही फोन करून त्याला विचारतील, किती दिवस दवाखान्यात होता, आणि तो भोळा माणूस खरं सांगून टाकेल. मग माझी नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. मला भीती वाटते. पण नियमाप्रमाणे गोळी बंद केली, तर गोळीवाचून काय होतं ते मी बैठकीत पाहिलं आहे. तुमच्यावर मी फार वर्षं रागावले होते, की बाबांना आमच्यापेक्षा सुई प्यारी झाली. आता तो राग शोधूनही सापडत नाही. बाकावर बसून जीभ उचलून दाखवायला तुम्हाला लाज वाटली असती का? वाटली असती तर मी म्हटलं असतं, आ करा बाबा, आणि घरी चला, चाय करते.

हे पत्र कुठे टाकणार? भातुकलीच्या डब्यात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. त्या बाईने पहिला फोटो माझ्याकडून पुसून घेतला, म्हणजे मी पुसला असं तिला वाटतं. पुसलेला नाही. तुमचा त्या दिवशीचा फोटो कोणीच काढला नव्हता, आणि यातला चेहरा उजेडात अगदी तुमच्यासारखा दिसतो. संध्याकाळपासून कितीदा उघडून पाहिला. तिचं खरं आहे, असा फोटो ठेवू नये. उद्या सकाळी पहिल्या बसने तो आला, बाकावर बसला आणि जीभ उचलून दाखवली, की पुसून टाकीन. तो येईपर्यंत, त्यालाच पुसल्यासारखं वाटून, हात धजत नाही.