भाऊजींच्या डॉक्टरांची चौकशी

फुनाबोरी, तोक्यो
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय राधिकाताई,

नमस्कार. इकडे थंडी पडली, मी बरी आहे. शिरीषभाऊजींना रिहॅबमध्ये हलवल्याचं आईकडून कळलं. पाय अजून उचलत नाहीत म्हणे.

भाऊजींच्या पाठीवर उपचार करणाऱ्या सुशांत देवधरांविरुद्धची तक्रार मी जपानीत लिहून द्यावी, असा तुझा मेसेज आला. मी इथे हॉस्पिटलात दुभाषी म्हणून काम करते, तेव्हा देईन. फक्त तुझ्या मसुद्यातलं ‘आम्ही चौकशी केली होती, सगळं नीट निघालं’ हे वाक्य मला लिहिता येणार नाही.

फेब्रुवारीत तू विचारलंस, देवधरांच्या पाटीवर नावापुढे डी.ओ. आहे, म्हणजे डॉक्टरच ना? मी कळवलं, ‘अमेरिकेत डी.ओ. म्हणजे पूर्ण डॉक्टर.’ खोटं नव्हतं. तिथले डी.ओ. औषधं देतात, ऑपरेशन करतात, त्यांचं लायसन्स ऑनलाइन तपासता येतं. मी तपासलं. देवधर त्यात नव्हते. जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या डॉक्टरांच्या यादीतही नव्हते. त्यांचं डी.ओ. म्हणजे युरोपातल्या एका संस्थेचा मालिशवजा उपचारांचा डिप्लोमा. वीस मिनिटांत कळलं मला.

सांगितलं नाही. कारण आदल्या दिवाळीत पुण्याला सगळ्यांसमोर तू म्हणालीस, ‘चित्राला माणसांतली खोटच दिसते, म्हणून तर नवरा टिकला नाही.’ आणि वर मलाच पोळ्या वाढायला सांगितल्यास. म्हटलं, बरं, या वेळी नाही दिसणार खोट.

वाटलं होतं, महिनाभर पाठ चोळून घेतील आणि तुझं हसं होईल. मणक्यात गाठ आहे हे मला माहीत नव्हतं. पण मार्चमध्ये तू फोनवर म्हणालीस, ‘पाय बधिर होतात गं यांचे. देवधर म्हणतात, अजून आठ सिटिंग्ज. जपानी डॉक्टरांचं काही कळत नाही, हे निदान मराठीत समजावतात.’ पाय बधिर होणं म्हणजे मणक्यात नस दबत असेल, लगेच तपासा, हे डॉक्टरांचं बोलणं मी पेशंटना रोज सांगते. तरी मी म्हणाले, ‘मग त्यांचंच ऐक.’

तू रडतेस म्हणे, ‘मीच नेलं त्यांना तिथे.’ तूच नेलंस. मी अडवलं नाही.

भाऊजी तुझ्याशी बोलत नाहीत, असंही आई सांगत होती. हे पत्र त्यांना दाखव, बोलतील. माफी मागत नाही. मागितली तर तू माफ करशील, आणि मग जन्मभर मला तुझ्या मोठेपणाखाली राहावं लागेल.

उत्तर पाठवू नकोस.

तुझीच सख्खी,
चित्रा