भुरुंडीचं एक पान

४ मार्च
विभागप्रमुख मॅडमनी तणांच्या पुस्तकासाठी एक पान मागितलंय. मी भुरुंडी घेतली. कॉलेज कॅन्टीनमागच्या नाल्याकाठी रग्गड आहे. वर्णन एका बैठकीत उरकलं. पानं खरखरीत, लवदार. फुलोरा हत्तीच्या सोंडेसारखा टोकाला वळलेला, त्यावर एकाच अंगाला दोन ओळींत फिकट जांभळी, इवलीशी फुलं. झाडं ओळखण्यात माझा हात धरणारा डिपार्टमेंटात कोणी नाही.

५ मार्च
खोकला. आमच्याकडे राहायला आलेल्या सासऱ्यांनाही. भुरुंडीचा काढा केला. खोकल्याला उत्तम, असं कुठेतरी वाचलंय. बायको म्हणाली, डॉक्टरकडे जा. तिला सांगितलं, घरात बॉटनीचा लेक्चरर असताना डॉक्टर कशाला? सासऱ्यांनी निमूट पेला घेतला. गुणी माणूस.

७ मार्च
खोकला जैसे थे. डोस वाढवला.

८ मार्च
'उपयोग' हा परिच्छेद राहिला होता म्हणून लायब्ररीत गेलो. पुस्तकात लिहिलंय, यकृताला घातक, पोटात घेऊ नये. चष्मा पुसून परत वाचलं. तेच.
घरी आरशात डोळे पाहिले. पिवळे दिसतात. बायको म्हणाली, बल्ब पिवळा आहे. सासरे दुपारी फारच शांत झोपले होते. पुन्हा पुन्हा जाऊन श्वास बघून आलो. सांगायची छाती होत नाही.

९ मार्च
एक आशा आहे. मी ओळखण्यात चुकलो असेन. आजवर चुकलोच आहे की, माझी चुकीची नावं छापूनसुद्धा आलीत. फांदी घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं. म्हणाल्या, भुरुंडीच, आणि तुमचं वर्णन पहिल्यांदाच बिनचूक आहे. मी गयावया केली, नीट बघा, काहीतरी चुकलं असेल. त्यांनी विचारलं, इतके नम्र कधीपासून झालात?

१० मार्च
बायकोला सगळं सांगितलं. तिने तडक मला आणि सासऱ्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्त दिलं. जेवण गेलं नाही.

११ मार्च
दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर मला म्हणाले, थोडक्यात वाचलात, महिन्याने पुन्हा तपासू. घरी येऊन सासऱ्यांची हात जोडून माफी मागितली. ते ओशाळले. म्हणाले, जावईबापू, मी पहिल्या दिवसापासून बेसिनमध्ये ओतत होतो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.
म्हणजे माझ्या ज्ञानावर भरवसा ठेवून काढा पिणारा घरात मी एकटाच.