वरच्या खोलीचं मीटर

३ एप्रिल
काल जावई आला होता. आल्या आल्या दुकानातले इस्त्री केलेले गठ्ठे रस्त्यावर भिरकावले. वकिलाचा पांढरा सदरा बुटाखाली तुडवला. "माझी बायको कुठंय?" म्हणे! मी म्हटलं, बायको तुझी, मला काय विचारतोस? एक सणसणीत थोबाडीत बसली. कान अजून वाजतोय. मग जिना चढून गेला, वरच्या खोलीचं कुलूप बघितलं, शिव्या हासडत उतरला.

पोरगी त्या कुलपाच्या आतच होती. तोंडात स्वतःच ओढणी कोंबून. डावा हात मोडलाय तिचा. मेल्यानं दाराच्या फटीत धरून दार लोटलं. चौकीवर गेले तर साहेब म्हणतो, "नवराबायकोचं भांडण, घरातच मिटवा." महिला संस्थेच्या बाई म्हणाल्या, पंधरा तारखेला जागा रिकामी होईल, घेऊन या. तोवर लपवायची. बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या पदराला.

६ एप्रिल
वीज कंपनीचा फिटर आला. जुनी मीटरं काढून नवीन हुशार मीटरं बसवतोय गल्लीभर. हुशार म्हणे! जावयाला नाही ते डोकं मीटरला. जिन्याखालच्या आमच्या दोन्ही पेट्या उघडून बसला, एक दुकानाची, एक वरच्या खोलीची.

"आता रीडिंगला कोणी येणार नाही मावशी. कुठं किती वीज जाते ते तासातासाला ऑफिसात कळतं. वरच्या खोलीला मोबाईल नंबर जुनाच ठेवू ना?"

"ठेव रे बाबा, आटप! गिऱ्हाईक उभं आहे डोक्यावर."

गेला एकदाचा.

७ एप्रिल
खिडकी लावून घेतल्यानं वर नुसती भट्टी. पोरीला टेबलफॅन नेऊन दिला. म्हणाली, "आई, आवाज येईल." म्हटलं, येऊ दे, उकडून मेलीस तर काय लपवू?

८ एप्रिल, दुपार
लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शेजारचा शिंपी दुकानात मोबाईल नाचवत आला. "हे बघा वहिनी, काल किती वीज जाळली ते सकाळीच येतं फोनवर! बायकोला आता दिवसा टीव्ही लावायची सोय नाही." खी खी हसत होता. वरच्या खोलीचा जुना नंबर कोणाचा? लग्न झाल्यावर वर्षभर दोघं वरच राहत होते. बिल तोच भरायचा. नंबर जावयाचा!

शिंप्याला विचारलं, हे मेसेज सगळे वाचतात का रे? "छे! माझे मीच कालपर्यंत उघडले नव्हते."

धावत वर गेले, पंखा बंद केला. पोरगी बघतच राहिली. तिला नाही सांगितलं. आत्ता वीज ऑफिसात जाते, नंबर बदलून टाकते. त्यानं उघडायच्या आत.

९ एप्रिल
कालचं लिहिते.

खिडकीवरचा कारकून चहा पीत होता. म्हटलं, नंबर बदल, लवकर. त्यानं बटणं दाबली. "आला का आकडा?"
"कसला आकडा?"
"ओटीपी. जुन्या फोनवर जातो. तो सांगा, की मग बदलतो."
"जुन्या फोनवर? अरे, पाठवू नकोस!"
"पाठवला की." वर शहाणपणा, "मावशी, आरडाओरडा करू नका, नियम आहे."

त्याची कॉलर धरली मी. दोघांनी ओढून बाजूला केलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. जावई. गोड आवाजात म्हणतो, "सासूबाई, नंबर कशाला बदलताय? आणि बंद खोलीत काल वीज कोण जाळत होतं हो? भूत?"

रिक्षा मिळेना. पळतच आले. गल्लीतूनच किंकाळी ऐकली. कोयंडा उपटून काढला होता त्यानं. पोरीला केसाला धरून जिन्याच्या तोंडाशी फरफटत आणलं होतं, मोडक्या हातावर बूट देऊन उभा. "आता दुसरा मोडतो!" गल्ली सगळी बाहेर, पण एक माणूस पायरी चढेल तर शपथ.

दुकानातली जड इस्त्री उचलली. गार होती. वर गेले आणि हाणली. कानशिलावर. एकदा. तो वळला, माझा गळा धरला. परत हाणली. मग तो जिन्यावरून गेला तो थेट तळाला.

हवालदाराला सांगितलं, झटापटीत पडला. जिना आतला, गल्लीतल्या कुणाला वरचं काही दिसलं नव्हतं. त्याला दवाखान्यात नेलंय. शुद्ध नाही.

१० एप्रिल
डॉक्टर म्हणतात, डोक्यावरची जखम पायरीची वाटत नाही, टोकदार काहीतरी लागलंय. हवालदार येऊन इस्त्री घेऊन गेला. मला शिसारी नाही आली, रडू नाही आलं. जेवले पोटभर. पोरगी म्हणाली, "आई, मला झोप लागली गं काल." किती महिन्यांनी!

११ एप्रिल
पहाटे जावई गेला. पोरगी आपल्या जखमांचा जबाब द्यायला म्हणून सकाळीच चौकीवर गेली. आत्ता हवालदार आला. मला न्यायलाच आला असणार, म्हणून चपला घातल्या. तो म्हणाला, "तुम्ही बसा मावशी. तुमच्या मुलीनं कबूल केलंय, इस्त्री तिनंच मारली."

एका हातानं? ती जड इस्त्री?

त्याला दारात थांबवलंय. एवढं लिहिते आणि निघते.